मुख्याध्यापकहो, ग्रहणाच्या दिवशी शाळेचं फाटक उघडं ठेवा

प्रति,
सर्व मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्हे

विषय : सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजीचं सूर्यग्रहण

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातला, नुकताच निवृत्त झालेला विज्ञान शिक्षक. आयुष्यभर सातवी ते दहावीच्या वर्गांना शिकवलं. आता हातात खडू नाही, म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे : २ ऑगस्ट २०२७ला शाळेला सुट्टी देऊ नका, आणि ग्रहण लागेल तेव्हा मुलांना वर्गाबाहेर, पटांगणात आणा.

त्या दिवशी चंद्राची गडद सावली स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन अशी सरकत जाईल. इजिप्तमध्ये लक्सॉरजवळ सूर्य ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकला जाणार आहे. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास, म्हणजे सूर्याचा एक तुकडाच झाकलेला, तोही दुपार कलल्यावर, शाळा सुटण्याच्या सुमारास. आषाढातली अमावास्या, दिव्यांच्या अवसेचे दिवस, आणि कोकणातला ऑगस्ट. ढग असतील हे मला माहीत आहे. तरीही लिहितो आहे, कारण ढगांपेक्षा मला कुलपाची भीती जास्त वाटते.

१५ जानेवारी २०१०ला ते कुलूप मी पाहिलं आहे. कन्याकुमारी-रामेश्वरकडे कंकणाकृती ग्रहण होतं, या सहस्रकातलं सर्वांत जास्त वेळ चालणारं, ११ मिनिटांहून अधिक. आपल्याकडे भर दुपारी खंडग्रास. संक्रांतीचा दुसरा दिवस, आकाश धुतल्यासारखं निळं. मी आदल्या आठवड्यात मुलांना ग्रहण सुरक्षित पाहता यावं म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडून पंचवीस खोकी तयार केली होती. सकाळी शाळेत गेलो तर फाटक बंद. पालकांचा आग्रह म्हणून आदल्या संध्याकाळी सुट्टी जाहीर केली होती. ती शाळा कोणती, मुख्याध्यापक कोण, हे सांगण्यात मला रस नाही. ते सज्जन गृहस्थ होते, गावाशी भांडण नको म्हणून त्यांनी तसं केलं. पण मी परत निघालो तेव्हा वाटेवर एकही मूल नव्हतं. घराघरांची दारं ओढून घेतलेली. डोक्यावर सूर्य कोरला जात होता आणि खाली माझ्या हातातल्या पिशवीत पंचवीस खोकी.

त्याआधीचं एक ग्रहण मी स्वतः दाराआड काढलं होतं. १६ फेब्रुवारी १९८०. मी सातवीत होतो. कारवार, अंकोल्यापासून हैदराबादजवळून पुरीपर्यंत खग्रास, आणि आमच्याकडे सूर्याची बारीकशी कोर उरेल इतकं. वेध लागल्यापासून घरात कुणी खाल्लं नव्हतं. पाण्याच्या कळशीत तुळशीपत्र, खिडक्यांना गोधड्या. माझी काकी आठव्या महिन्यात होती. तिला माजघरात एका जागी बसवून ठेवलेलं. हलायचं नाही, काही चिरायचं-शिवायचं नाही, पाणीसुद्धा नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास काकी बसल्या जागी कलंडली. आजीनेच मग वेध-बिध बाजूला ठेवून तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. आजीचं ते धाडस मला आजही मोठं वाटतं.

त्याच गडबडीत माझं लक्ष जमिनीकडे गेलं. आमचं घर कौलारू. दोन कौलांच्या फटीतून रोज दुपारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडत, बांगडीएवढे गोल. त्या दिवशी ते गोल नव्हते. सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते, पाच-सहा कोरी, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. मी बोट लावून पाहिलं. काकांना दाखवलं तर त्यांनी त्यावर गोणपाट टाकलं.

फट चौकोनी असो की तिरपी, कवडसा गोल का पडतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं. कवडसा म्हणजे फटीचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. सूर्य गोल म्हणून तो गोल, सूर्याची कोर झाली की त्याचीही कोर. म्हणजे गोधड्या लावून आम्ही ज्याला घराबाहेर ठेवलं होतं, तो छपरातून येऊन आमच्या पायाशी पाच-सहा वेळा उमटला होता. मी शिक्षक झालो त्याचं मूळ त्या जमिनीवर आहे.

आता राहू-केतूंबद्दल. मुलांना ही गोष्ट सांगू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. उलट नीट सांगा. समुद्रमंथन, देवांच्या पंगतीत चोरून बसलेला असुर, सूर्य-चंद्रांची चहाडी, सुदर्शनाने उडवलेलं शिर, आणि धड नसलेल्या गळ्यातून सूर्य पुन्हा बाहेर येणं, हे सगळं मुलांना कळतं आणि आवडतं. त्याहून जुनी गोष्ट ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात आहे. स्वर्भानूने सूर्याला अंधाराने वेधलं, वाट चुकलेल्या माणसासारखी सगळी भुवनं गोंधळली, आणि अत्रींनी सूर्य शोधून परत आणला. ते ज्याने रचलं त्याने खग्रास ग्रहण अनुभवलं असणार, असं मला वाचताना दर वेळी वाटतं. आणि ‘हा सूर्य, हा जयद्रथ’ तर आपण बाजारात, भांडणात, निवडणुकीतही म्हणतो. महाभारतात तो अंधार कृष्णाच्या मायेचा आहे, पण तो प्रसंग ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर ग्रहणच उभं राहतं.

मात्र गोष्ट सांगताना पुढचं पानही उलटा. आर्यभटांनी इसवी सन ४९९च्या सुमारास लिहिलेल्या आर्यभटीयात अर्ध्या ओळीत सगळं सांगून टाकलं आहे : ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. पुढे वराहमिहिरांनी बृहत्संहितेत राहूच्या गोष्टीची उलटतपासणी केली आणि ग्रहणाचं कारण सावली असल्याचं सांगितलं. आपल्या पंचांगात स्पर्श, मध्य, मोक्षाच्या वेळा छापलेल्या असतात, त्या याच गणिताच्या वाटेने आलेल्या. जो पालक पंचांग दाखवून तुम्हाला सुट्टी मागेल, त्याच्याबरोबर बसून त्याच पंचांगातली स्पर्शाची वेळ वहीत लिहून घ्या. मुलांना त्या मिनिटाला घड्याळ लावून उभं करा. वेळ बरोबर निघते, आणि ती का बरोबर निघते हे सांगायला मग फळा आहेच.

या गोष्टीची एक बाजू मात्र मला बोचते, आणि ती वर्गात टाळू नये. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाळी आपल्यापैकी वयस्कांनी ऐकली असेल. ग्रहण सुटलं की मांगवाड्यातली माणसं दारोदार ओरडत जायची आणि लोक वरून, अंगाला स्पर्श होणार नाही अशा बेताने, जुनं धान्य-कपडे त्यांच्या पदरात टाकायचे. राहू-केतूंची जात ठरवून घेतलेली, आणि आकाशातल्या सावलीचा विटाळ जमिनीवरच्या जिवंत माणसांना चिकटवलेला. माझ्या वर्गात त्या वाड्यातली मुलं बसायची. सावलीला जात नसते हे त्यांच्यासमोर, इतर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणं मला माझं काम वाटायचं.

तसंच दुभंगलेल्या ओठाचं. माझ्या एका विद्यार्थ्याचा वरचा ओठ जन्मतः फाटलेला होता. गावात त्याला ‘गिराण लागलेला’ म्हणत आणि त्याच्या आईला विचारत, त्या दिवशी विळी हातात घेतली होतीस का. ओठ जुळतो तो गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांच्या आसपास. कधी आनुवंशिकता, कधी आईच्या पोषणातल्या उणिवा, कधी तंबाखू-धूर अशा कारणांनी तो जुळत नाही. शस्त्रक्रियेने तो चांगला शिवता येतो, त्या मुलाचाही शिवला गेला. पण त्याची आई जवळपास दहा वर्षं स्वतःला अपराधी समजत राहिली. ग्रहणाच्या दिवशी शाळेने फाटक बंद केलं की अशा सगळ्या आयांच्या अपराधावर शाळेचा शिक्का बसतो. कृपा करून तो शिक्का मारू नका.

आता आपल्या विजयदुर्गाबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण चूक माझीही आहे.

दर वर्षी १८ ऑगस्टला आपल्याकडे हेलियम दिन साजरा होतो. सहलीच्या मुलांना किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ला लॉकियर साहेबाने इथून सूर्यग्रहण पाहिलं आणि इथेच हेलियम सापडला. मी स्वतः पंधराएक वर्षं हेच सांगितलं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर १८६८च्या ऑगस्टमध्ये भारतात नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते.

झालं ते असं. १८५९मध्ये जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाला, तो लोलकातून फोडून पाहिला की, ठरावीक रेषांची सही असते. नऊ वर्षांत पहिली मोठी संधी आली. १८ ऑगस्ट १८६८ची सावली कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणमकडे गेली, आणि खग्रास अवस्था भारतात पाच मिनिटांहून जास्त टिकली. गुंटूरला फ्रान्सचे ज्यूल जान्सन आणि मेजर टेनंट होते, मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. आणि आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटींतून वर्णपट बघत होते. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या लाल ज्वाळांचा प्रकाश या सगळ्यांनी लोलकातून पाहिला. रेषा झगझगीत होत्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या. त्यांत एक पिवळी रेषाही होती. ती मिठातल्या सोडियमची असावी असं तेव्हा धरलं गेलं.

जान्सनना त्या पाच मिनिटांतच वाटून गेलं की इतक्या तेजस्वी रेषा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र सूर्याच्या कडेवर लावलं, आणि दिसल्या. तिकडे इंग्लंडमध्ये लॉकियरनी, जान्सनचं काम कळायच्या आधी, २० ऑक्टोबरला त्याच रीतीने त्या ज्वाळा भर दिवसा पाहिल्या. दोघांचं कळवणं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला एकाच दिवशी पोचलं. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

पिवळ्या रेषेची फोड मात्र लॉकियरची. सोडियमची जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येते, ही ५८७.६च्या आसपास होती. फरक केसभर. पण तेवढा फरक हट्टाने मोजून त्यांनी रसायनतज्ज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोग केले आणि हे पृथ्वीवर न सापडलेलं द्रव्य असावं, असं मत मांडलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. पुष्कळ शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. १८९५मध्ये विल्यम रॅम्झे यांनी युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला, त्याच्या प्रकाशात तीच पिवळी रेषा आली, तेव्हा सत्तावीस वर्षांचा वाद मिटला. आज एमआरआय यंत्रातलं चुंबक शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायला हेच हेलियम लागतं.

मग लॉकियर आणि विजयदुर्गाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि पक्का आहे. फक्त साल वेगळं : २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर आपली मोहीम घेऊन विजयदुर्गाला आले. साठीतले गृहस्थ, हेलियम पृथ्वीवर सापडून तीनच वर्षं झालेली. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांचे मदतनीस झाले. कोण घड्याळाचे आकडे मोठ्याने ओरडणार, कोण फोटोच्या काचा बदलणार, याची कवायत त्यांच्याकडून आधी करून घेतली गेली. कशासाठी? सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

आणि त्या दिवशी एकटा विजयदुर्ग नव्हता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते. तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर या बाईंनी छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा असा एक लांबच लांब किरण टिपला की तोवर इतका लांब कुणी टिपला नव्हता. मुंबई इलाख्यातला एक भारतीय प्राध्यापक आणि एक बाई, दोघंही त्या दिवशी जगाच्या बरोबरीने काम करत होते. आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, यांची नावं माहीत नाहीत, कारण आपण एकच गोष्ट, तीही चुकीच्या सालाने, सांगत राहिलो.

कुणी म्हणेल, जिल्ह्याचा अभिमान आहे, कशाला सालांचा घोळ काढता. मला वाटतं, केसभर फरक मोजण्यातून जो वायू सापडला, त्याच्या गोष्टीत तीस वर्षांचा फरक चालवून घेऊ नये. येत्या हेलियम दिनाला मुलांना दोन्ही तारखा सांगा. १८ ऑगस्ट १८६८ ही भारतात पिवळी रेषा दिसल्याची तारीख आहे आणि २२ जानेवारी १८९८ ही आपल्या किल्ल्याची. किल्ला त्याने लहान होत नाही.

आता त्या सोमवारची तयारी. पैसा जवळजवळ लागत नाही.

सूर्याकडे थेट पाहायचं तर आयएसओ १२३१२-२ असं छापलेले ग्रहणचष्मेच, आणि तेही ओरखडा नसलेले. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, परातीतलं हळदीचं किंवा शेणाचं पाणी, यांपैकी काहीही नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. तो भाजतो तेव्हा मुलाला काहीच जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी पुस्तकातल्या अक्षरांच्या मध्ये काळा ठिपका दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. ग्रहणाच्या दिवशी सूर्यातून वेगळे विषारी किरण निघत नाहीत, सूर्य रोजचाच असतो. रोज आपण त्याच्याकडे टक लावून पाहत नाही, इतकाच फरक.

चष्मे नसले तरी अडत नाही. सूर्याकडे पाठ करून पाहण्याच्या रीती अधिक सुरक्षित आहेत आणि मला त्या जास्त आवडतात. २६ डिसेंबर २०१९ला सकाळी आम्ही पटांगणातल्या जांभळाखाली पंचेचाळीस मुलं उभी होतो. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, वारा आला की सगळ्या एकदम हलत. सहावीतली एक मुलगी घरून रव्याची चाळण घेऊन आली होती. तिने ती उन्हात धरली आणि समोरच्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर कोरींची अख्खी रांगोळी उमटली. मग सगळ्यांनाच ती चाळण हवी झाली. कुंपणापलीकडे तिची आई उभी होती, पदर डोक्यावरून पुढे ओढून. थोड्या वेळाने ती फाटकातून आत आली आणि म्हणाली, ‘सर, माका पण दाखवा.’ मी तिच्या हातावर कोर पाडून दाखवली. तिने मूठ मिटली आणि पुन्हा उघडली. कोर मुठीवर होती, मग पुन्हा तळव्यावर आली.

ढग आले तर? तर वर्गात पडदा लावून लक्सॉरचं प्रक्षेपण दाखवा. इजिप्तच्या वाळवंटावर ढग जवळपास नसतातच. फळ्यावर गोटी आणि नाण्याने दाखवा की चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४०० पट लहान आहे आणि सुमारे ४०० पट जवळ, म्हणून तो इतका नेमका झाकतो. शिलाहार-यादवांच्या काळातल्या ताम्रपटांत सूर्यग्रहणाच्या पर्वावर जमिनी दिल्याच्या नोंदी येतात, त्यांवरून इतिहासकार काळ पडताळतात, हे इतिहासाच्या सरांना सांगू द्या. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर इसवी सनपूर्व १३६मधल्या खग्रास ग्रहणाची वेळ कोरलेली आहे. तिच्यासारख्या नोंदींवरून पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतं आहे हे मोजता आलं, हे भूगोलाच्या बाईंना सांगू द्या. एका दुपारी चार विषयांचे तास होतील.

सुट्टीचा अर्ज तुमच्याकडे येईलच, बहुतेक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी जूनच्या पालकसभेत हा विषय घ्या. ज्यांना घरचे नियम पाळायचे आहेत त्यांच्या मुलांना जबरदस्ती करू नका, पण फाटक उघडं ठेवा. गरोदर बायांसाठी आरोग्य केंद्रातल्या ताईंना सभेला बोलवा आणि जेवण-पाणी बंद ठेवू नका हे त्यांच्या तोंडून सांगायला लावा. कुणा शाळेला खोकी करायला, ओट्यांची गोष्ट सांगायला माणूस हवा असेल तर मी एसटीने येईन, मानधन नको. माझ्याकडे २०१०ची ती पंचवीस खोकी अजून आहेत. पुठ्ठा थोडा दमटला आहे, भोकं शाबूत आहेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
तालुका देवगड